रमाबाईंनी लिहून ठेवलं म्हणून...

रमाबाई रानडे हे नाव काढलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना २०१२-१३ मधली 'उंच माझा झोका' ही मालिका आठवते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनाही शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापुरत्या रमाबाई माहीत असतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनच्या संस्थापक, स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या, वगैरे. हे सगळं खरंच आहे. पण या लेखात मला त्यांच्या आयुष्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघायचं आहे. आपल्या माणसाचं दुखणं काढायचं, आणि तो माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं, ही दोन्ही कामं रमाबाईंनी केली. पहिलं काम आपल्याकडे घरोघरी होतं. दुसरं फार थोडे लोक करतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डॉक्युमेंटेशन हा कुणाच्याच आवडीचा विषय नाही. सिस्टीम चालू आहे ना, मग लिहून कशाला ठेवायचं, असा सगळ्यांचा खाक्या. मग एक दिवस एखादा जुना माणूस निघून जातो आणि कळतं की अर्धी सिस्टीम त्याच्या डोक्यात होती. ऑफिसमध्ये निदान जाणाऱ्या माणसाकडून दोन आठवड्यांची 'केटी' तरी घेतात. घरातल्या माणसांची केटी कोण घेतो? म्हणूनच शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईने हे काम किती नेटकं करून ठेवलं ते सांगावंसं वाटलं.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. (यशवंतराव चव्हाणांचाही जन्म याच गावचा, १९१३ चा.) माहेरचं आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला अक्षरओळख करून द्यायचा प्रश्नच नव्हता. १८७३ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा महादेव गोविंद रानडे, वय एकतीस, पुण्यात सबजज्ज. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी, दोनच महिन्यांपूर्वी वारली होती.

या लग्नाची गोष्ट तशी अवघडच आहे. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. दुसरं लग्न करायचंच तर ते एखाद्या विधवेशी करतील अशी लोकांची अपेक्षा होती, आणि नेमकी हीच धास्ती त्यांच्या वडिलांना होती. म्हणून त्यांनी घाईघाईने मुलगी पाहिली. रानड्यांनी नको म्हणून पाहिलं, मुदत मागून पाहिली. शेवटी वडिलांनी संबंध तोडायची भाषा केली तेव्हा त्यांनी मान तुकवली. बोलायचं एक आणि करायचं एक, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि आजही होते.

आता गंमत बघा. ही सगळी हकीकत इतक्या तपशिलात आपल्याला कशी माहीत? ती लिहून ठेवली रमाबाईंनीच. नवऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत जास्त टीकेचा प्रसंग, ज्यात स्वतःचंच लग्न गुंतलेलं आहे, तो त्यांनी झाकून ठेवला नाही. त्याला दोष दिला नाही आणि त्याची वकिलीही केली नाही. सासरे काय म्हणत होते आणि नवऱ्याची कशी ओढाताण झाली, ते सांगितलं.

लग्नानंतर लगेचच रानड्यांनी या अकरा वर्षांच्या मुलीला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरात वडीलधाऱ्या बायका बऱ्याच. सून पुस्तक घेऊन बसते हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. दिवसभर टोमणे ऐकायचे, घरची कामं करायची, आणि रात्री अभ्यास. उलट उत्तर द्यायचं नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, हे नवऱ्याचं सांगणं. सांगणाऱ्याला सोपं होतं, पण दिवसभर त्या घरात वावरायचं होतं ते या मुलीला.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. आपल्या रमाबाई तिथे जायला लागल्या आणि घरातलं वातावरण आणखी तापलं. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्याला आले असताना मुलींसाठी हायस्कूल काढावं अशी मागणी करणारं इंग्रजी निवेदन रमाबाईंनी भर सभेत वाचून दाखवलं. सभेत कौतुक झालं, घरी गेल्यावर बोलणी बसली. १८८४ मध्ये ते हायस्कूल सुरू झालं. तेच आपलं हुजूरपागा.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. पण रमाबाईंच्या लिहिण्यात मला जास्त मोलाच्या वाटतात त्या अगदी लहान गोष्टी.

उदाहरणार्थ, रात्री झोपताना रानड्यांच्या तळपायांना तूप चोळायचं हा रमाबाईंचा नेम होता. एकदा रमाबाईंच्या एका वागण्याने ते दुखावले. घरच्या बायकांचं ऐकून त्यांनी सुधारक मंडळींच्या बायकांशी अंतर ठेवलं होतं. त्या रात्री ते रागावले नाहीत, आवाज चढवला नाही, फक्त एक शब्दही बोलले नाहीत. ती तूप चोळत राहिली आणि ते गप्प पडून राहिले. नुसत्या अबोल्याने शिक्षा करायची त्यांची ही तऱ्हा, आणि ती किती लागायची हेही, जिने सोसली तिच्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

किंवा कलकत्त्याचा प्रसंग. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि दोघं काही महिने कलकत्त्याला राहिली. तिथे रानड्यांनी बंगाली शिकायचं मनावर घेतलं. न्हावी दाढी करायला आला की समोर बंगाली पुस्तक धरायचं आणि अडलेले शब्द त्यालाच विचारायचे. रमाबाईंना याचं हसू आलं, इतका मोठा माणूस आणि गुरू कोण तर न्हावी! त्यावर त्यांनी दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. पुढे त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकवलं. रानड्यांची विद्वत्ता किती होती हे सांगायला दहा पुस्तकं आहेत. पण शिकताना त्यांना कमीपणा कसा वाटत नसे, हे दाढीच्या साबणासकट दाखवणारा प्रसंग हाच.

किंवा आंब्याची गोष्ट घ्या. घरी उत्तम आंबे आले. रमाबाईंनी फोडी करून पुढे ठेवल्या. रानड्यांनी एक-दोन फोडी खाल्ल्या, छान आहे म्हणाले, आणि थांबले. आणखी घ्या म्हटलं तरी घेईनात. आवडत नाही म्हणून नव्हे, आवडतं म्हणूनच थांबायचं. जिभेला आपण चालवायचं, जिभेने आपल्याला नाही, असा त्यांचा हिशेब. ही गोष्ट आता इतकी प्रसिद्ध झाली आहे की ती मुळात कुठून आली हे कुणी विचारत नाही. ती आली वाढणाऱ्या बाईकडून.

मोठ्या संकटांचीही नोंद आहे. १८७९ च्या सुमाराला वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे सरकारचा पुण्याच्या पुढाऱ्यांवर संशय होता. रानड्यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांच्या टपालावर पाळत राहिली. बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रं यायची, ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून द्यायचे. नंतरचं पंचहौद मिशनमधलं चहाचं प्रकरण तर सर्वांना माहीत आहे. १८९० मध्ये तिथे चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य झालं, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांना ते पटलं नाही. रमाबाईंनाही वाईट वाटलं. ज्या मित्रांना बहिष्काराचा खरा त्रास होत होता त्यांच्यासाठी आपण ते घेतलं, ही नवऱ्याची बाजू त्यांनी लिहून ठेवली आणि स्वतःला वाईट वाटलं हेही लिहिलं.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. कामाचा रेटा केवढा! कोर्ट, सामाजिक परिषद, प्रार्थना समाजातली प्रवचनं, औद्योगिक परिषदेचे निबंध, आणि १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ. डोळे विद्यार्थीदशेपासून अधू, त्यामुळे वाचून दाखवायला माणूस लागायचा. रमाबाई वाचून दाखवत. ज्या मुलीला अक्षरओळख नव्हती तिच्या डोळ्यांनी हा माणूस वाचत होता, हे लक्षात घेतलं की त्या रात्रीच्या अभ्यासाचं वेगळंच चीज झालेलं दिसतं.

१९०० च्या शेवटी हृदयाचं दुखणं बळावलं. छातीत कळा यायच्या, रात्री झोप नाही. दुखणं किती वाढलंय हे ते शक्यतो सांगत नसत, आणि सांगितलं नाही म्हणून बायकोला कळत नव्हतं असंही नाही. ज्यांनी घरात असं दुखणं काढलंय त्यांना हा लपंडाव ओळखीचा वाटेल. आजारी माणूस काही होत नसल्यासारखं दाखवतो, सेवा करणारं माणूस काही दिसलं नसल्यासारखं दाखवतं, आणि दोघांनाही सगळं ठाऊक असतं.

त्या डिसेंबरमध्ये लाहोरला काँग्रेस आणि सामाजिक परिषद भरायची होती. १८८७ मध्ये सामाजिक परिषद सुरू झाल्यापासून रानडे हे तिचे प्राण. जायची तयारीही चालली होती, पण प्रकृतीने साथ दिली नाही. भाषण लिहून त्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या हाती लाहोरला पाठवलं. जाता येत नाही याचं त्यांना फार दुःख झालं. १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत ते गेले. एकोणसाठ वर्षं पुरी व्हायला दोन दिवस बाकी होते. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत.

इथे थोडा विचार करू या. रानडे गेले तेव्हा मागे काय काय राहिलं? न्यायनिवाडे, निबंध, भाषणं, संस्था आणि गोखल्यांसारखे शिष्य. पुढच्याच वर्षी त्यांचं इंग्रजी चरित्र आलं, आणि १९२४ मध्ये न. र. फाटकांनी मोठं मराठी चरित्र लिहिलं. म्हणजे मागे काहीच राहणार नाही अशी काळजी ज्यांच्याबाबत करायची, त्यांतले रानडे नव्हेत. तरीसुद्धा तळपायाचं तूप, न्हाव्याचं बंगाली आणि आंब्याच्या फोडी यांतलं काहीही कुठल्या सरकारी दप्तरात नव्हतं. ते एकाच ठिकाणी होतं, रमाबाईंच्या डोक्यात. त्याला दुसरा बॅकअप नव्हता.

रमाबाईंचं पुस्तक आलं १९१० मध्ये, म्हणजे रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी. नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', प्रस्तावना गोखल्यांची. या नावातला प्रत्येक शब्द मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या नव्हे, 'आमच्या' आयुष्यातील. एकाची आठवण लिहायची तर दुसरं माणूस त्यात येणारच, हे त्यांनी मान्य करून टाकलंय. आणि सगळ्या नव्हेत, 'काही' आठवणी. संपूर्ण चरित्र लिहायचा आव नाही. या एका शब्दाने केवढं ओझं उतरतं! आयुष्य जन्मापासून मरणापर्यंत लिहायचं म्हटलं की हातच चालत नाही. काही आठवणी म्हटलं की निदान पहिली तरी लिहून होते.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. मग एवढं पुस्तक लिहायचं कसं? रमाबाईंनी त्यांचा उल्लेख 'स्वतः' असा केला आहे. म्हणजे स्वतःला बरं वाटत नव्हतं असं लिहिलं असेल तर ते रानड्यांना. वाचताना सुरुवातीला आपण अडखळतो, मग सवय होते. पुढे १९३८ मध्ये या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघालं, तेव्हा भाषांतरकर्तीने नावच 'हिमसेल्फ' ठेवलं. १९६३ मध्ये कुसुमावती देशपांडे यांचंही इंग्रजी भाषांतर आलं. इथे वाढलेल्या ज्या मुलांना मराठी वाचणं जड जातं, त्यांना ते देता येईल.

हे सगळं मी एवढं घोळवून सांगतोय याला कारण आहे. माझे वडील पुण्याला असतात. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी नोकरी केली. गेली चार वर्षं त्यांना पार्किन्सन्स आहे. आयुष्यभर हातात पेन्सिल धरून सरळ रेघा मारलेल्या माणसाला आता चहाचा कपही धरवत नाही. त्यांचं सगळं आई करते. मी इथून काय करतो? शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल, पैसे, आणि वर्षातून तीन आठवडे. आईची एक वही आहे. कुठली गोळी किती वाजता, बी.पी. किती, रात्री किती वेळा उठले, हे ती त्यात न चुकता लिहिते. आमच्या भाषेत सांगायचं तर उत्तम लॉग. पण या लॉगमध्ये पेशंट आहे, माझे वडील नाहीत.

गेल्या वर्षी मी तिला रमाबाईंचं पुस्तक नेऊन दिलं आणि बाबांबद्दल काही लिहिशील का म्हणून विचारलं. तिचं म्हणणं असं की रमाबाईंचा नवरा न्यायमूर्ती होता, तुझे वडील ड्राफ्ट्समन, कोण वाचणार? आणि वेळ कुठे आहे? हा दुसरा मुद्दा खरा होता. चोवीस तास दुसऱ्याच्या घड्याळावर चालणाऱ्या बाईला साहित्यसेवा कर म्हणून सांगणं हा चावटपणाच. मग आमचं एवढंच ठरलं, की ती औषधांची वही मागच्या बाजूने उघडायची आणि मनात येईल तेव्हा चार ओळी लिहायच्या. तारीख नाही, क्रम नाही, शुद्धलेखन नाही.

पहिली नोंद होती पेन्सिलला टोक करण्याची. बाबा कधी शार्पनर वापरायचे नाहीत, ब्लेडनेच टोक काढायचे आणि साली जुन्या डब्यात जमवायचे. दुसऱ्या आठवड्यात एक मोठी नोंद आली. बदलीच्या गावी पहिल्याच पावसात घर गळायला लागलं तेव्हा बाबांनी नकाशे झाकायचं मेणकापड ऑफिसातून आणलं आणि रात्रभर पाळण्यावर धरून उभे राहिले. सकाळी ते कापड वाळवून, घडी करून परत जागच्या जागी ठेवून आले. पाळण्यात मी होतो. माझं वय आज अडतीस आहे आणि ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

आता आईने ते बाबांना वाचून दाखवायला सुरुवात केली आहे. बाबांचं बोलणं अस्पष्ट झालंय, पण गावाचं नाव चुकलं की ते मान हलवतात आणि आई दुरुस्त करते. हा फायदा मात्र रमाबाईंना मिळाला नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते माणूस समोर असताना विचारून घेता येतं, ही केवढी मोठी सोय आहे!

आपल्या मंडळातही अशी बरीच घरं आहेत. कुणाचे आईवडील इथे ग्रीन कार्डावर येऊन राहिलेत, कुणी जोडीदाराचं दुखणं काढतंय, कुणाची बहीण किंवा वहिनी तिकडे भारतात सगळं निभावतेय. त्यांच्यासाठी रमाबाईंच्या पुस्तकातून मला जे उमगलं ते थोडक्यात सांगतो.

एक म्हणजे, जन्मतारखेपासून सुरुवात करू नये. पदव्या, नोकऱ्या, बढत्या कुठेही सापडतील. हात कसे चालायचे, जेवताना काय आधी संपवायचे, राग कसा दाखवायचे, तिथून सुरुवात करावी. दुसरं, नुसती स्तुती लिहू नये. अबोल्याची रात्र आणि प्रायश्चित्ताचं शल्य रमाबाईंनी गाळलं असतं तर रानडे नुसता पुतळा होऊन राहिले असते. मात्र आजारपणातलं जे त्या माणसाला चारचौघांत आलेलं आवडलं नसतं, ते वहीतच राहू द्यावं. तिसरं, ज्याला लिहिवत नाही त्याने बोलावं. फोनवर रेकॉर्ड करता येतं, मराठीत बोललेलं आता फोन टाइपही करून देतो. हे काम आपण लांब राहणाऱ्यांनी अंगावर घ्यावं. सेवा आपल्या हातून होत नाही, निदान लेखनिकाचं काम तरी करू. आणि चौथं, जे होईल ते कागदावर छापून दोन-तीन घरांत ठेवावं. फाइल्सचं आयुष्य किती असतं ते आमच्या धंद्यातल्यांना चांगलं ठाऊक आहे. १९१० चं छापील पुस्तक आज वाचता येतं, माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची सी.डी. मात्र उघडत नाही.

रमाबाईंची पुढची गोष्टही सांगायलाच हवी. रानडे गेल्यावर त्या पुण्याला आल्या. पहिला काळ घरातच गेला. मग त्या येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या, इस्पितळातल्या रोग्यांना भेटू लागल्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन त्यांच्याच वाड्यात सुरू झालं, गो. कृ. देवधरांच्या मदतीने. शिवण, शिक्षण याबरोबरच सेवासदनने एक काम केलं जे तेव्हाच्या पांढरपेशा घरांना रुचणारं नव्हतं. बायकांना, त्यातही तरुण विधवांना, ससून हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण घ्यायला पाठवलं. परक्या माणसाची शुश्रूषा करणं हलकं समजलं जायचं तो काळ. घरात एका माणसासाठी जे केलं त्याला पुढे त्यांनी धंद्याचा मान मिळवून दिला.

रानड्यांचे इंग्रजी लेख आणि भाषणं गोळा करून १९१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केली. म्हणजे सार्वजनिक रानडेही त्यांनी सांभाळले आणि घरातलेही. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठीही त्या झगडल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

पण 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९०१ च्या जानेवारीतच थांबतं. नंतरची तेवीस वर्षं, ज्यांत त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहून एवढं काम केलं, ती त्यात नाहीत. 'आमच्या' मधला एक गेला आणि आठवणी संपल्या. मला वाटतं, सेवा करणाऱ्या माणसाचं बहुतेक वेळा असंच होतं. सगळे विचारतात ते आजारी माणसाबद्दल. म्हणून आईला मी अलीकडे आणखी एक काम सांगितलंय. बाबांची प्रत्येक गोष्ट लिहिताना त्या वेळी ती स्वतः कुठे होती, काय करत होती, तेही एका ओळीत लिहायचं. पाळण्यावर बाबांनी मेणकापड धरलं होतं त्या रात्री ती काय करत होती? विचारल्यावर कळलं, की गळणाऱ्या छताखाली एकेक भांडं ठेवत, भरलेलं बाहेर ओतत, तीही उजाडेपर्यंत जागी होती.

या दिवाळीत तिकडे फोन लागेल तेव्हा औषधं, डॉक्टर, रिपोर्ट हे सगळं विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा. दुखणं काढणाऱ्या माणसालाच विचारा, की आजारी पडायच्या आधी ते कसे होते. आणि पेन हाताशी ठेवा.